हिरव्या जाळीखालचं बेट

उन्हाळा लागला की बेटावर राहायला जाणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. फिनलंड हा सुमारे ५६ लाख वस्तीचा देश. तिथं उन्हाळ्यापुरती वापरायची घरं ५ लाखांच्या आसपास आहेत आणि तळी १ लाख ८८ हजार. (आमच्या बीड जिल्ह्यात तळ्यांची मोजदाद एवढ्यावर थांबत नाही. तळं आहे हे कळलं की पुढचा प्रश्न असतो, त्यात पाणी आहे का.) तिकडची मंडळी शहरातल्या घराला कुलूप लावतात, होडीत पीठमीठ भरतात आणि पाण्यानं वेढलेल्या एखाद्या खडकावर लाकडं फोडत, मासे धरत, शेजाऱ्यांना नावं ठेवत उन्हाळा काढतात. परत आल्यावर वर्षभर त्याच गोष्टी सांगतात. हेवा वाटावा अशीच रीत आहे.

बीडमध्ये बेट बघायचं तर कंकालेश्वराला जावं. पाण्याच्या कुंडात मधोमध जुनं दगडी देऊळ उभं आहे. पण तिथं वस्ती एकट्या महादेवाची आणि तीही बारमाही. उन्हाळ्यात भरणारं, पावसाबरोबर उठणारं, स्वतःच्या रूढी, मानपान आणि भांडणं असलेलं बेट हवं असेल, तर दुष्काळात जनावरं जगवायला उघडतात त्या चारा छावणीकडे वळावं लागतं. २०१३ ला छावण्या होत्या, २०१६ ला होत्या आणि २०१९ ला तर जिल्ह्यात त्या शेकड्यांनी होत्या. फिनलंडचा माणूस पाणी आहे म्हणून बेटावर जातो, आमचा ते नाही म्हणून.

२०१९ च्या आधीच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. माघ-फाल्गुनापर्यंत घरातला कडबा संपला, विहिरींनी तळ दाखवला, बाजारात जनावरांचे भाव पडले. मग कुणाच्या तरी पडीक रानात, रस्त्याला लागून, टँकर वळेल एवढी जागा बघून मेढी रोवल्या गेल्या. वर हिरवी जाळी, जाळी कमी पडली तिथं पाचट, पाचटही नाही तिथं जुनी लुगडी. खाली दावणी. एका बाजूला पाण्याचे हौद, दुसऱ्या बाजूला कुट्टीचं मशीन आणि वजनकाटा. आष्टी तालुक्यातल्या एखाद्या टेकाडावर एप्रिलच्या दुपारी उभं राहिलं, तर चहूकडे ढेकळांचा समुद्र आणि त्यात तेवढाच एक हिरवा चौकोन दिसायचा. तोही प्लास्टिकचा.

आमचे चुलते, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, अशाच एका चौकोनात त्या उन्हाळ्यात राहायला गेले. दोन संकरित गाई, एक म्हैस आणि एक खोंड एवढा त्यांचा संसार. मी बीडहून अधूनमधून त्यांना भेटायला जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा चेहरा जमेल तितका गंभीर करून गेलो होतो. दुष्काळात माणसाला भेटायला जाताना करावा लागतो तसा. तात्या बाजेवर मांडी घालून बसले होते. भोवती पाच-सहा म्हातारे. कुणाच्या तरी सुनेनं केलेल्या येसर आमटीवर चर्चा चालली होती आणि निकाल सुनेच्या विरोधात जाण्याच्या बेतात होता.

“आलास व्हय? बस. आधी ही आमटी चाख अन् खरं सांग,” तात्या म्हणाले.

माझ्या गंभीर चेहऱ्याकडे कुणी बघितलंदेखील नाही.

छावणीचा पहिला विनोद असा, की तिथं माणसाची नोंदच नसते. अनुदान जनावरामागं. मोठ्या जनावराला त्या वर्षी दिवसाला ९० रुपये आणि लहानाला ४५, पुढं वाढून १०० आणि ५०. एका शेतकऱ्याची जास्तीत जास्त पाच जनावरं. चारा, पेंड, पाणी, डॉक्टरची फेरी, सगळं जनावराच्या नावानं. सरकारी कागदात माणूस हे दाव्याचं फक्त दुसरं टोक होतं. पाच जनावरांच्या मर्यादेनं आणखी एक गंमत केली. ज्यांच्या गोठ्यात सात-आठ जनावरं होती, अशा भावाभावांची कागदावर रातोरात वाटणी झाली. एरवी बांधावरून कोर्टात जाणारे लोक इतक्या गोडीनं वेगळे निघालेले तालुक्यानं आधी पाहिले नव्हते.

छावणीत राहायला कोण येणार, याचा निर्णय घरोघर एकाच पद्धतीनं झाला. तरण्या पोरांना पुण्याला कामं होती. मधल्या पिढीला घर, डेअरी, रोजगार. बायांना चूल, लेकरं आणि टँकरपुढची घागरींची रांग. मग ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही असा माणूस शोधायचा. तो प्रत्येक घरात ओट्यावर तयारच बसलेला होता. अशी पंचक्रोशीतली सगळी बिनकामाची ठरवलेली म्हातारी माणसं एका रानात गोळा झाली. त्यांच्या हातात दावी आली, सकाळी उठायला कारण आलं, आणि मुख्य म्हणजे त्यांचं बोलणं ऐकायला त्यांच्याच वयाची माणसं मिळाली. घरी तात्यांची एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची सोय नव्हती. इथं सगळेच तिसऱ्यांदा सांगत होते आणि सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत होते.

वस्ती म्हटली की उतरंड आली. पहिल्या आठवड्यात आलेले ते मूळचे. त्यांच्या दावणी हौदाजवळ. नंतर आलेले कडेला, जिथं ट्रकचा धुरळा बसतो. महिनाभरानं आलेल्यांकडं मूळचे जरा भुवया उंचावूनच बघायचे. ‘इतके दिवस वैरण पुरली म्हणजे याचं बरं चाललेलं दिसतंय,’ असा त्यात संशय. दावणी गावागावाच्या होत्या, त्यामुळं पत्ता सांगणं सोपं होतं. गावाचं नाव, मग डावी-उजवी बाजू, मग जनावराची खूण. तात्यांचा पत्ता ‘शिंगमोडी म्हैस’ असा होता. मी छावणीत शिरून त्यांचं नाव घेतलं तेव्हा कुणालाच कळलं नाही. म्हैस सांगितल्यावर चार हात एकदम एका दिशेला वर झाले.

दिवसाला वळण होतं. पहाटे धारा, मग डेअरीची गाडी, मग शेण. शेणखत बहुतेक ठिकाणी छावणी चालवणाऱ्याकडं राहायचं, त्यामुळं आयुष्यभर आपलं शेण आपल्या उकिरड्यावर टाकलेल्या माणसांना ते दुसऱ्याच्या ढिगावर टाकताना जड जायचं. एक म्हातारी तर टोपलं रिकामं करताना ढिगाकडं असं बघायची, की लेक सासरी चालली असावी. नंतर कुट्टीचं मशीन सुरू व्हायचं आणि त्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. भांडणं काढायची ती वेळ. दुपारी सगळं बेट झोपायचं. संध्याकाळी डबे यायचे.

डब्यांचं थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण छावणीचा खरा व्यवहार तोच. साडेसहा-सातला मोटारसायकली यायला लागायच्या. हँडलला एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला दुधाची किटली. पाच-सहा गावांच्या चुली एका पोत्यावर मांडल्या जायच्या. पिठलं, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, एखाद्याकडं पाहुणे येऊन गेले असतील तर त्याचा पुरावा म्हणून उरलेली पोळी. भाकरी सगळ्यांकडं ज्वारीचीच. पण अमक्या गावची भाकरी जाड असते आणि तमक्या गावच्या बाया मीठ टाकायला विसरतात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची मतं आता समोरासमोर तपासता येत होती. तात्यांनी एकदा सूनबाईंना निरोप धाडला, आमटीत येसर जरा जास्त घालत जा, इथं गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी डब्यात नुसती भाकरी आणि कांदा पाठवला. त्यावर छावणीत झालेली चर्चा मतदानाच्या चर्चेपेक्षा लांबली.

लोकसभेचं मतदान त्याच उन्हाळ्यात होतं, १८ एप्रिलला. त्यामुळं पांढऱ्या गाड्या वारंवार यायच्या. प्रत्येक जण गाईच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढायचा. तात्यांची एक गाय लाथाळ होती आणि तिला पक्षभेद माहीत नव्हता. अधिकारीही यायचे, हजेरी घ्यायला. त्या वर्षी जनावरांना बारकोड आले. मोबाइल समोर धरायचा की गाय हजर. काही छावण्यांमध्ये कागदावरची जनावरं दावणीवरच्या जनावरांपेक्षा जास्त निघाली आणि ती प्रकरणं गाजलीही. ते सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे. त्यात मला विशेष रस नाही, कारण खोट्या जनावरांना शेजारी नसतात.

उसाचं मात्र सांगायलाच हवं. छावणीत हिरवा चारा म्हणून येतो तो बहुतेक ऊस. मोठ्या जनावराला सुरुवातीला रोज १५ किलो. आता बीडचं आणि उसाचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, कोप्या घालून सहा महिने राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्या वर्षी परत आलेल्यांपैकी किती तरी जण तीन-चार दिवसांत छावणीत दाखल झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेकडून उसाचा ट्रक येऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. तात्यांच्या शेजारच्या दावणीवरचं जोडपं असंच तोडीवरून आलेलं. ट्रक बघून बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आला का हा बी मागं मागं?” नवरा काही बोलला नाही. त्यानं एक ऊस ओढला, कांडी बघितली आणि हा अमक्या जातीचा, एवढ्या महिन्यांचा आणि पाण्यावाचून जरा ताणलेला, असं सांगून टाकलं. पुढं वजनकाट्याबद्दल कुणाला शंका आली की त्यालाच बोलवायचे. तो मोळी उचलायचा, एक क्षण थांबायचा आणि किलो सांगायचा. काट्यापेक्षा लोकांचा त्याच्या खांद्यावर जास्त विश्वास होता.

निवाराही पहिल्यांदा त्यांचाच नीट उभा राहिला. कोपी कशी घालायची, वाऱ्याकडं पाठ कशी करायची, दाराशी चूल कुठं मांडायची, हे त्यांना पाठ होतं. चाळीस वर्षं पक्क्या घरात राहिलेले बागाईतदार त्यांच्याकडून मेढ रोवायला शिकत होते. एरवी गावात ही दोन माणसं एका ओट्यावर बसताना मी क्वचितच बघितली आहेत.

नुसत्या उसावर जनावर फार दिवस ठेवणंही बरं नाही. त्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून डॉक्टर क्षारमिश्रण आणि चुन्याची निवळी द्या म्हणून सांगायचे. ही निवळी करण्यात तात्यांना इतका रस आला, की पुढं ते तिचे जाणकार झाले. चुना किती, पाणी किती, रात्रभर ठेवायचं की नाही, यावर दोन पक्ष पडले. डॉक्टर तिसऱ्या पक्षात होते, पण ते आठवड्यातून एकदाच यायचे.

रात्री बहात्तर, म्हणजे १९७२ चा दुष्काळ, निघायचं. आमच्याकडं दुष्काळ मोजायचं माप बहात्तरचंच. कुठलाही दुष्काळ आला की तो बहात्तरच्या शेजारी उभा करून उंची बघतात. तेव्हा पाणी होतं पण खायला नव्हतं, आता खायला आहे पण पाणी नाही, हा सर्वमान्य निकाल; तो लागेपर्यंत मात्र रोज रात्री दोन तास जायचे. कुणी तलावाच्या कामावर खडी फोडलेली, कुणी सुकडी खाल्लेली, कुणी लाल मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवर असल्याचं सांगणारं. यात चढाओढ होती. ज्यानं जास्त सोसलं तो मोठा. एका म्हाताऱ्याला बहात्तरला सैन्यात नोकरी होती आणि वेळेवर जेवण मिळत होतं. त्या बिचाऱ्याला रात्रीच्या बैठकीत कायम मागं बसावं लागायचं.

मे महिना लागला आणि छावणी खऱ्या अर्थानं उन्हाळी वस्ती झाली. शाळा सुटल्या, नातवंडं आजोबाकडं म्हणून थेट छावणीत आली. माहेरवाशिणी आल्या. बाप घरी नाही, छावणीत आहे, मग लेक माहेरपणाला दावणीवर. आखितीला कुणी तरी पातेलंभर आमरस आणला आणि तो ओळीनं वाटला. लग्नाच्या पत्रिका वाटणाऱ्यांची तर चंगळ झाली. एरवी एवढी गावं फिरायला पेट्रोल जाळावं लागतं. इथं दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं की काम झालं. सोयरिकीही तिथंच जुळवल्या जात होत्या. स्थळ बघायला गेलं की घर झाडून ठेवलेलं असतं, मुलगा नवा शर्ट घालून बसलेला असतो. छावणीत मुलगा बापाला डबा घेऊन येतो तेव्हा गाडीवरून उतरून आधी मोबाइल काढतो की आधी म्हशीला पाणी दाखवतो, हे महिनाभर बघायला मिळतं. याहून चांगली मुलाखत कुठली? तात्यांनी या कसोटीवर दोन स्थळं नापास केली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मला त्या दिवसांत तोवे यान्सनच्या पुस्तकाची आठवण यायची. फिनलंडच्या या लेखिकेनं एक आजी, एक नात आणि एक छोटं बेट एवढ्या भांडवलावर उन्हाळ्यावरचं पुस्तक लिहिलं. दोघी भटकतात, भांडतात, खोटंनाटं रचतात, मरणाबद्दल बोलतात. पुस्तक निघालं १९७२ साली. त्या वर्षी इकडं सुकडीच्या रांगा होत्या, हा योगायोग तिला माहीत असण्याचं कारण नाही. पण छावणीतला आजा आणि नातू रात्री बाजेवर पडून जे बोलायचे ते तिनं लगेच ओळखलं असतं. तात्यांचा नातू एका रात्री विचारत होता, गाय हरवली तर मोबाइलमध्ये दिसंल का? तात्या म्हणाले, गाय दिसंल, पण तिला घरी आणायला तूच जाशील.

फार गोड चित्र काढतोय, हे मला कळतं. दावणीवर रडणारी माणसंही होती. ज्यांनी छावणी लागण्याआधीच बैलजोडी नेकनूरच्या बाजारात मिळेल त्या भावानं देऊन टाकली होती, ती दुसऱ्यांची जनावरं बघायला येऊन बसायची आणि न बोलता उठून जायची. बायांच्या वाट्याला छावणी आली ती बहुतेक दुप्पट काम म्हणूनच. घरचं करा आणि दावणीवरचंही करा. आमटीवर निकाल देणाऱ्यांत एकही बाई नव्हती, हे सांगायला नकोच.

मृग कोरडा गेला. त्या वर्षी मोसमी पाऊस मुळातच उशिरा आला आणि आला तोही आमच्याकडं चेहरा दाखवण्यापुरता. छावण्या लांबत गेल्या. मग एका दुपारी ढग भरून आले, जाळीवर टपटप वाजलं, आणि सगळे म्हातारे हसत बाहेर उभे राहून भिजले. पुढं दोन-चार बरे पाऊस झाले, बांधावर हिरवं दिसायला लागलं आणि वस्ती उठायला आली. ती उठली फार घाईनं. टेम्पो आले, जनावरं चढली, मेढी उपटल्या. चार महिने एका पोत्यावर जेवलेली माणसं बादलीवरून भांडली. ‘ही माझी’, ‘हिला माझ्या हातची तार आहे’, असं बराच वेळ चाललं. जाताना कुणी कुणाला ‘परत भेटू’ म्हणालं नाही. म्हणायची सोयच नव्हती. तिथं परत भेटायचं तर आधी पाऊस चुकायला हवा.

तात्या घरी आले आणि ओट्यावर बसले. म्हशीनं पहिले तीन-चार दिवस पेंडीसाठी ओरडून घर डोक्यावर घेतलं. तिला तिथली सवय लागली होती. तात्या काही ओरडले नाहीत. अधूनमधून कुणाच्या तरी लग्नाला जायचे, त्या उसाच्या जाणकाराला फोन लावून तोडीवर भाव काय मिळतोय ते विचारायचे. येसर आमटीवरचं मत त्यांनी स्वतःशीच ठेवलं. पुढची काही वर्षं पाऊस बरा झाला, कधी कधी तर नको इतका झाला आणि सोयाबीन पाण्यात गेलं.

मग २०२३ चा ऑगस्ट आला. देशभरातच, १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा. मी गावी गेलो होतो. सोयाबीन माना टाकून उभं होतं आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. संध्याकाळी जेवायला बसलो. तात्यांनी भाकरी कुस्करली, दूध ओतलं आणि ताटाकडं बघतच, अगदी सहज, विचारलं, “यंदा छावणी लागंल का रे?”

सूनबाईंनी हातातलं पातेलं खाली आपटलं. “काय बोलावं माणसानं? पाऊस पडू दे म्हणा की आधी!”

“जनावरांसाठी म्हणतोय,” तात्या म्हणाले.

गोठ्यात तेव्हा एक म्हैस उरली होती. सूनबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “जनावरांसाठी म्हणे,” असं पुटपुटत त्यांनी तात्यांच्या ताटात न मागता पळीभर आमटी वाढली. तात्यांनी ती चाखली आणि येसर कमी आहे असं म्हणाले.